सीमाभागातून पीएच.डी.साठी फेलोशिप शोधताना: डेटाबेसमध्ये काय भरायचं, काय सोडायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. माहेर महाराष्ट्रातल्या चंदगड तालुक्यात, सासर कर्नाटकातल्या खानापूरला. समाजशास्त्रात एम.ए., राणी चन्नम्मा विद्यापीठात पूर्णवेळ पीएच.डी.ला नोंदणी, विषय निपाणीच्या विडी कामगार बायकांचं आरोग्य आणि रोजगार. फेलोशिपचे ऑनलाइन डेटाबेस उघडले की शेकडो नावं येतात, पण अर्ज भरायला बसलं की प्रत्येक ठिकाणी कुठली ना कुठली अट आडवी येते. मग शोधायचं कसं?

विषय आधी बाजूला ठेवा. बहुतेक जण शोधाच्या चौकटीत विषय टाइप करून सुरुवात करतात आणि तिथेच वेळ जातो. पैसे देणारी संस्था आधी तुम्हाला पारखते आणि मग विषयाला. नागरिकत्व, रहिवास, प्रवर्ग, वय, नोंदणीची तारीख, पूर्णवेळ की अर्धवेळ, संस्था कुठली, या चाळणीतून तुम्ही खाली उतरलात तरच कुणीतरी विषय वाचतं. सीमाभागात नेमक्या याच चाळण्या गुंतागुंतीच्या असतात, म्हणून शोधाची सुरुवात तिथून करा.

एक पान घ्या आणि त्यावर स्वतःची माहिती कागदपत्रांत आहे तशीच लिहा, आठवणीतून लिहू नका. दहावीच्या मार्कशीटवरचं नाव आणि आधारवरचं नाव दोन्ही लिहा. जन्मतारीख, एम.ए.चे टक्के, पीएच.डी.च्या तात्पुरत्या नोंदणीची आणि पक्क्या नोंदणीची तारीख, कोर्सवर्क पूर्ण झाल्याची तारीख, नेट (राष्ट्रीय पात्रता परीक्षा) झाली आहे की नाही, कुठून पगार किंवा मानधन मिळतं का, हे सगळं आलं पाहिजे. त्याखाली संस्थेची माहिती घ्या: तिला यूजीसी (विद्यापीठ अनुदान आयोग) कायद्याच्या कलम २ (एफ) आणि १२ (बी) खाली मान्यता आहे का, आणि तिचा एआयएसएचई, म्हणजे अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणातला कोड काय. हा कोड विद्यापीठाचा असेल तर इंग्रजी ‘यू’ने आणि महाविद्यालयाचा असेल तर ‘सी’ने सुरू होतो. तुम्ही विद्यापीठाच्या विभागात काम करत असाल तर विद्यापीठाचा कोड लागतो, आणि संलग्न महाविद्यालयाच्या संशोधन केंद्रात असाल तर त्या महाविद्यालयाचा. ही चूक लहान वाटते, पण पोर्टलवर पडताळणीसाठी अर्ज भलत्याच संस्थेच्या नोडल अधिकाऱ्याच्या लॉगिनमध्ये जाऊन पडतो आणि ‘पेंडिंग’ दिसत राहतो. कुणी नाकारलेला नसतो, कुणी बघितलेलाच नसतो.

आता रहिवास. मराठीत ‘पीएच.डी. फेलोशिप’ शोधलं की सर्वांत वर सारथी, बार्टी, महाज्योती यांच्या जाहिराती येतात, कारण मराठीतून जाहिरात काढणाऱ्या संस्था मुख्यतः त्याच. तिन्ही महाराष्ट्र शासनाच्या आहेत आणि महाराष्ट्राचा रहिवास हीच त्यांची मूळ अट. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी इथल्या विद्यार्थ्यांचे खूप तास या तीन संकेतस्थळांवर जातात. महाराष्ट्रात अभियांत्रिकीसारख्या अभ्यासक्रमांच्या प्रवेशात वादग्रस्त सीमाभागातल्या मराठी मातृभाषेच्या विद्यार्थ्यांसाठी ‘टाइप ई’ अशी वेगळी सोय आहे. महाराष्ट्राने दावा सांगितलेल्या ८६५ गावांचा उल्लेख तिथून सगळ्यांच्या ओळखीचा झाला. पण प्रवेशातली सवलत फेलोशिपला आपोआप लागू होत नाही. त्या वर्षीच्या जाहिरातीत सीमाभागाचा शब्द स्पष्ट छापलेला असेल तरच अर्ज करा. ‘मराठी विद्यार्थी’ एवढ्यावर विसंबू नका. उलट, जो बेळगावचा रहिवासी कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात पीएच.डी. करतो, त्याची पोस्ट-मॅट्रिक शिष्यवृत्ती त्याच्या मूळ राज्याकडून, म्हणजे कर्नाटकच्या एसएसपी या शिष्यवृत्ती पोर्टलवरून मागायची असते. महाडीबीटी या महाराष्ट्राच्या पोर्टलवर खातं उघडलं तरी रहिवासाच्या दाखल्यापाशी अडणारच.

प्रवर्गाचं प्रकरण याहून नाजूक आहे, आणि तुमच्या बाबतीत तर नीट समजून घ्यायलाच हवं. चंदगड, गडहिंग्लज, आजऱ्याहून लग्न होऊन इकडे आलेल्या मुलींना वाटतं की सासरचं राज्य तेच आपल्या जातीच्या दाखल्याचंही राज्य. तसं नाही. अनुसूचित जाती, जमाती किंवा ओबीसी हा दर्जा जन्माने, वडिलांच्या मूळ राज्यावरून ठरतो. लग्नाने रहिवास बदलतो, हा दर्जा दुसऱ्या राज्याच्या यादीत सरकत नाही. म्हणून कर्नाटकच्या राखीव योजनेला माहेरचा दाखला चालेल असं गृहीत धरू नका. केंद्राच्या योजनेत मात्र मूळ राज्याचा, केंद्राच्या नमुन्यातला दाखला उपयोगी पडतो. दुसरी गोष्ट, राज्याची मागासवर्गीय यादी आणि केंद्राची ओबीसी यादी या दोन वेगळ्या याद्या आहेत. कर्नाटकात मराठा समाज राज्याच्या यादीतल्या ३बी गटात येतो, पण म्हणून नेटच्या अर्जात ‘ओबीसी’ वर खूण करता येत नाही. राष्ट्रीय मागासवर्ग आयोगाच्या संकेतस्थळावर राज्यवार केंद्रीय यादी आहे; आपल्या मूळ राज्याच्या यादीत जातीचं नाव अक्षरशः सापडलं तरच ओबीसी लिहा. चुकीची खूण निवड झाल्यानंतर कागदपत्रांच्या तपासणीत पकडली जाते, आणि तोवर खुल्या गटातली संधीही गेलेली असते.

नाडकचेरीतून, म्हणजे कर्नाटकातल्या स्थानिक महसूल कार्यालयातून, मिळणाऱ्या जात-उत्पन्नाच्या दाखल्यावर ‘आरडी’ने सुरू होणारा क्रमांक असतो. एसएसपी पोर्टल तो क्रमांक टाकून माहिती स्वतःच ओढून घेतं, त्यामुळे दाखल्यावरचं नाव आणि आधारवरचं नाव यांत फरक असेल तर तिथेच अर्ज थांबतो. तुमची पदवी माहेरच्या नावावर आणि आधार सासरच्या नावावर असेल, तर डेटाबेस चाळायच्या आधी विवाह नोंदणीचा दाखला काढून ठेवा, आणि यापुढे एकच नाव वापरायचं ठरवा. शोधनिबंध, पीएच.डी. नोंदणी आणि बँक खातं यांवर नावाचं एकच रूप असलं की निम्मी पत्रापत्री वाचते. जिल्ह्याच्या नावाचंही बघा. १ नोव्हेंबर २०१४ पासून अधिकृत नाव बेळगावी झालं, पण परदेशी डेटाबेसच्या याद्यांत जुनं इंग्रजी नाव अजून भेटतं. एका स्पेलिंगने जिल्हा सापडला नाही तर दुसऱ्याने शोधा. ‘इतर’ निवडू नका.

इतकं झालं की डेटाबेस उघडा. डेटाबेस म्हणजे फक्त पत्ता सांगणारा. अटी, रक्कम आणि तारीख मूळ संस्थेच्या चालू वर्षाच्या जाहिरातीतच वाचायची. फुकट मिळणाऱ्या भारतीय याद्या फार शिळ्या असतात. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठीची मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिप २०२२-२३ पासून बंद झाली, तरी तिचं नाव अजून कितीतरी याद्यांत चालू योजनांमध्ये दिसतं. एकुलत्या एका मुलीसाठीची यूजीसीची जुनी स्वामी विवेकानंद फेलोशिप आता सावित्रीबाई जोतीराव फुले फेलोशिप या नावाने चालते. विज्ञानातल्या संशोधनाला पैसे देणारं एसईआरबी आता अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनमध्ये विलीन झालं आहे. जुन्या नावाने शोधलं तर जुनी पानंच वर येतात आणि योजना बंद झाली असं वाटतं.

तुमच्या स्थितीत क्रम असा लावा. आधी केंद्राच्या, ज्यांत रहिवास कुठल्या राज्यात हा प्रश्नच येत नाही. यूजीसी नेट-जेआरएफमध्ये (ज्युनिअर रिसर्च फेलोशिप) पहिली दोन वर्षं महिन्याला ३७,००० रुपये आणि पुढे एसआरएफ (सीनियर रिसर्च फेलोशिप) झाल्यावर ४२,००० मिळतात. परीक्षा जून आणि डिसेंबर अशा दोन फेऱ्यांत होते. जेआरएफची वयोमर्यादा ३० आहे, पण महिलांना ५ वर्षांची सूट मिळते. ही सूट माहीत नसल्यामुळे तिशी ओलांडलेल्या कितीतरी मुली फक्त सहायक प्राध्यापकाच्या पात्रतेसाठी अर्ज भरतात. नंतर आयसीएसएसआरची, म्हणजे भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषदेची, डॉक्टोरल फेलोशिप: महिन्याला २०,००० रुपये आणि वर खर्चासाठी वेगळी वार्षिक रक्कम. रक्कम जेआरएफपेक्षा कमी, पण नेट-जेआरएफ नसलेल्या समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यासाठी ही सर्वांत खरी संधी आहे. आयसीएसएसआरच्या अनुदानित संशोधन संस्थांची यादी वेगळी बघा; त्यांतली एक, सीएमडीआर, धारवाडला आहे आणि दुसरी, आयसेक, बेंगळुरूला. त्यांच्या स्वतःच्या जाहिराती मोठ्या डेटाबेसमध्ये क्वचितच येतात. तुम्ही आईवडिलांची एकुलती एक मुलगी असाल तर सावित्रीबाई फुले फेलोशिपकडे दुर्लक्ष करू नका. तिला नेट लागत नाही. लोककला, लोकसाहित्य यांवर काम करणाऱ्यांनी सांस्कृतिक मंत्रालयाची ज्युनिअर फेलोशिप पाहावी, वय २५ ते ४०. तुमच्या विषयाला ती बसत नाही.

त्यानंतर कर्नाटक राज्य. मागासवर्ग कल्याण आणि अल्पसंख्याक खात्यांच्या पीएच.डी. योजना त्या त्या खात्याच्या संकेतस्थळावर आणि सेवा सिंधू या राज्याच्या सेवा पोर्टलवर येतात, आणि जाहिराती बहुधा फक्त कन्नडमध्ये असतात. म्हणून कन्नड लिपीत शोधा: ‘विद्यार्थीवेतन’, ‘शिष्यवेतन’, ‘अर्जी आह्वान’ हे शब्द कन्नड कीबोर्डवरून टाका आणि सोबत ‘पीएच.डी.’ लिहा. इंग्रजीत शोधून जे दिसत नाही ते इथे दिसतं. कन्नड वाचता येत नसेल तर मोबाइलवरच्या भाषांतरावर तारीख आणि अट ठरवू नका. विभागातल्या एखाद्या कन्नड सहकाऱ्याकडून दहा मिनिटांत वाचून घ्या. विज्ञान-अभियांत्रिकीवाल्यांनी केस्टेप्स, म्हणजे राज्याच्या विज्ञान-तंत्रज्ञान संस्थेची डीएसटी-पीएच.डी. फेलोशिप, यातच बघावी. औषधी वनस्पती किंवा आरोग्यावर काम असेल तर बेळगावातच असलेल्या आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) राष्ट्रीय पारंपरिक औषध संस्थेच्या प्रकल्पांतल्या जागांवर नजर ठेवावी. प्रकल्पाची जागा ही फेलोशिप नसते, पण पगार असतो.

परदेशी डेटाबेस शेवटी. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाचा ‘ग्रेप्स’ हा फेलोशिपचा डेटाबेस कुणालाही उघडता येतो. ‘पिव्हट’ या दुसऱ्या डेटाबेसला विद्यापीठाने वर्गणी भरलेली असावी लागते, तेव्हा आधी ग्रंथपालांना विचारा. जर्मनीचा डीएएडी डेटाबेस मोफत आहे आणि तो सुरुवातीलाच मूळ देश, शिक्षणाचा टप्पा आणि विषय विचारतो, त्यामुळे फालतू निकाल कमी येतात. अमेरिकी डेटाबेसमध्ये बहुतेक नोंदी तिथल्या नागरिकांसाठी किंवा तिथल्या विद्यापीठांतल्या विद्यार्थ्यांसाठी असतात. म्हणून नागरिकत्वाच्या चाळणीत ‘भारत’ किंवा ‘कोणतेही’ निवडल्याशिवाय पुढे जाऊ नका. इथे गोंधळ होतो तो तीन वेगळ्या रकान्यांचा: अर्जदाराचं नागरिकत्व, अर्जदाराच्या संस्थेचा देश आणि संशोधन जिथे होणार तो देश. फक्त तिसऱ्यात भारत टाकलं तर भारतावर काम करणाऱ्या अमेरिकी विद्यार्थ्यांच्या योजना समोर येतात. शिक्षणाच्या टप्प्यात ‘ग्रॅज्युएट स्टुडंट’ निवडा. तिकडे त्यात पीएच.डी.चा विद्यार्थी येतो. रकमेची किमान मर्यादा घालू नका, कारण ज्या नोंदीत रक्कम लिहिलेलीच नाही ती त्या चाळणीत बऱ्याचदा गळून पडते. मुदत संपलेल्या नोंदी लपवू नका. दरवर्षी येणाऱ्या योजनांची मागच्या वर्षीची तारीख पाहिली की पुढच्या वर्षीचा महिना कळतो.

तुमच्यासाठी तिकडची पाहण्याजोगी नोंद म्हणजे वेनर-ग्रेन फाउंडेशनचं डिसर्टेशन फील्डवर्क ग्रँट. राष्ट्रीयत्वाची किंवा संस्था कुठल्या देशात आहे याची अट नाही, कमाल रक्कम २५,००० डॉलर, आणि अर्जाच्या तारखा वर्षातून दोन, १ मे आणि १ नोव्हेंबर. पण ते मानववंशशास्त्राला पैसे देतात. विडी कामगारांची टक्केवारी मोजणारा आराखडा तिथे टिकणार नाही. घरात, कारखान्यात बसून दीर्घकाळ केलेल्या निरीक्षणातून मानववंशशास्त्राच्या कोणत्या प्रश्नावर प्रकाश पडेल ते लिहावं लागेल. ही मांडणी गाईडना मान्य असेल तरच वेळ घाला. फुलब्राइट-नेहरू डॉक्टोरल फेलोशिप ६ ते ९ महिन्यांची असते, भारतात आधीपासून पीएच.डी.ला नोंदणी लागते आणि काम अमेरिकेत करायचं असतं. निपाणीच्या क्षेत्रकार्याचा खर्च त्यातून निघणार नाही. खानापूरच्याच जंगलात, भीमगड अभयारण्यात किंवा बारापेडे गुहांतल्या वटवाघळांवर काम करणाऱ्यांना रफर्ड फाउंडेशनचं छोटं अनुदान जास्त जवळचं. त्यांनी मात्र राज्याच्या वनखात्याची परवानगी अर्जासोबतच मागायला सुरुवात करावी. पैसे मंजूर झाले आणि परवानगी नाही अशा वेळी काम सुरूच होत नाही.

आता कुठे विषयाकडे वळायचं, आणि तेही प्रबंधाच्या शीर्षकाने नाही. ‘निपाणीतील विडी कामगार महिला’ असं कुठल्याही पैसे देणाऱ्या संस्थेच्या पानावर लिहिलेलं नसतं. त्यांचे शब्द मोठे असतात: असंघटित श्रम, स्त्रिया आणि काम, व्यवसायजन्य आरोग्य, तंबाखू नियंत्रण, ग्रामीण उपजीविका, घरबसल्या उत्पादन. यांचे इंग्रजी प्रतिशब्द एकेक करून टाका, सगळे एकदम नको. पाच शब्द एकत्र टाकले की डेटाबेस पाचही शब्द असलेली नोंद शोधतो आणि शून्य निकाल देतो. एका शब्दाने दोनशे निकाल आले तर चाळण्या लावून कमी करता येतात. शून्यातून काही काढता येत नाही. साध्या गूगलवर शोधताना शब्दसमूह अवतरणचिन्हांत ठेवा आणि संकेतस्थळाची मर्यादा घालून फक्त शासकीय किंवा त्या संस्थेच्या पानांतच शोधा, म्हणजे जाहिरातबाज याद्या बाजूला पडतात.

उलट्या दिशेने केलेला शोध तर मला सर्वांत फलदायी वाटतो, आणि तो फार कमी जण करतात. शोधगंगा या भारतीय प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर तुमच्या विषयाजवळचे गेल्या काही वर्षांतले प्रबंध काढा. प्रत्येक प्रबंधाच्या फायली तुकड्यांत असतात. त्यांतली प्रारंभीच्या पानांची किंवा ऋणनिर्देशाची फाईल उघडा. पैसे कुणी दिले ते तिथे नावानिशी लिहिलेलं असतं. शोधनिबंधांच्या शेवटीही निधीचा उल्लेख असतो. श्रम, तंबाखू, स्त्री-आरोग्य यांवरचे वीसेक प्रबंध असे तपासले की आपल्यासारख्या विद्यापीठांतल्या, आपल्यासारख्या विषयाच्या विद्यार्थ्यांना प्रत्यक्षात कोण पैसे देतं याची यादी हाताशी येते, आणि ती कुठल्याही डेटाबेसपेक्षा खरी असते.

एखादी योजना लागू पडतेसं वाटलं की जाहिरातीची पीडीएफ उतरवून ठेवा, कारण मुदत संपल्यावर पान काढून टाकलं जातं. वाचताना पहिलं बघायचं ते ‘पूर्णवेळ’. जे अतिथी प्राध्यापक म्हणून तास घेतात त्यांना बहुतेक फेलोशिपमध्ये मानधन सोडावं लागतं. हे लपवून घेतलेले पैसे व्याजासकट परत मागितले जाऊ शकतात. दुसरं, वय कोणत्या तारखेला मोजलं जातं. तिसरं, एकाच वेळी दुसरी फेलोशिप चालते का. दरमहा मिळणाऱ्या दोन फेलोशिप चालत नाहीत, पण प्रवास किंवा क्षेत्रकार्याचं एकरकमी अनुदान काही वेळा चालतं. ते दोन्ही संस्थांना ईमेलने विचारून लेखी उत्तर ठेवा. चौथं, अर्ज कोण पुढे पाठवणार. ऑनलाइन अर्ज केल्यावरही आयसीएसएसआरसारख्या ठिकाणी संस्थेने शिक्कामोर्तब केलेली प्रत लागते. गाईड, विभागप्रमुख, मग कुलसचिव, अशा तीन सह्यांना सहज दोन आठवडे जातात. परीक्षांच्या दिवसांत त्याहून जास्त. म्हणून तारखांचा एक तक्ता करा आणि त्यात शेवटच्या तारखेच्या वीस दिवस आधीची तारीख स्वतःची म्हणून लिहा. परदेशी अनुदान ट्रस्टच्या महाविद्यालयाच्या खात्यात येणार असेल तर त्या ट्रस्टची एफसीआरए, म्हणजे परदेशी निधी घेण्यासाठीची, नोंदणी आहे का, हे हिशेब विभागाला अर्जाआधीच विचारा. परीक्षेची फी सोडली तर फेलोशिपच्या अर्जाला ‘प्रोसेसिंग फी’ मागणारं कुणीही भेटलं की तिथून निघा.

बँकेचं काम आत्ताच करून ठेवा, निवड होईपर्यंत थांबू नका. इकडे बऱ्याच घरांचे व्यवहार सहकारी पतसंस्थेत असतात. ते खातं थेट लाभ हस्तांतरणाला चालत नाही. बँकेचं खातं हवं आणि ते आधारशी जोडलेलं हवं. नुसतं केवायसी झालं म्हणजे जोडणी झाली असं नाही. एनपीसीआयच्या (राष्ट्रीय पेमेंट महामंडळ) नोंदीत तुमचं आधार ज्या बँकेकडे दाखवलेलं असतं तिथेच पैसे जातात, आणि दोन खाती असतील तर सर्वांत शेवटी जोडलेल्या बँकेत. आधारच्या संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग स्टेटस’मध्ये ते दिसतं. माहेरी असताना काढलेलं, आता न वापरलं जाणारं खातं तिथे दिसलं, तर सध्या वापरत असलेल्या खात्याच्या बँकेत जाऊन आधार जोडणीचा फॉर्म भरा आणि काही दिवसांनी नोंद बदलली का ते पुन्हा बघा.